गुलाबी फुगा आणि आईंचं पाणी

रवि. ३ सप्टेंबर
आज पुन्हा तेच. तलावावरून घरी आले, केस ओले, अंग छान दमलेलं, सडकून भूक. आणि पायरीवर आई बसलेल्या. पदर डोक्यावर, ओठ सुकलेले, शेजारी भरलेला तांब्या आणि बीपीची गोळी, दोन्ही जशीच्या तशी. मी पाण्यातून बाहेर येईपर्यंत सासूबाई पाण्याचा थेंब घेणार नाहीत असा नेम. चहा नाही, गोळी नाही. कुठल्या पोथीत लिहिलंय देव जाणे.
‘आलीस व्हय?’ एवढंच म्हणाल्या आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
प्रकाश पेपरातून मान वर न काढता: ‘मग बंद कर की पोहणं. एवढं काय त्यात?’
एवढं काय त्यात! चाळिशीनंतर पोहायला शिकले. आठवड्यातून एकदा अशी जागा मिळते जिथे कुणी मला हाक मारू शकत नाही. हे नवऱ्याला कसं सांगायचं, त्यालाही त्या हाका मारणाऱ्यांतच धरलंय म्हणून?

सोम. ४ सप्टें.
संध्याकाळी मेथी निवडताना विषय काढला.
‘आई, मला पोहता येतं.’
‘गण्यालाबी येत हुतं.’
गण्या त्यांचा भाचा, मंद्रूपचा. शेततळ्यात गेला. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ. काठ धरायला जावं तर हात निसटतो. पट्टीचा पोहणारा पोरगा, पोहून पोहून दमला. हे मला लग्नापासून माहीत आहे. आजवर माहीत नव्हतं ते आज कळलं. आई त्या दिवशी त्याच घरी होत्या.
‘मी हितं सोप्यात बसून ताक पीत हुते गं. थंडगार. आन त्यो तितं...’
 मेथीच्या काड्या पानांतच टाकत होत्या. मी नंतर गुपचूप वेगळ्या केल्या.
शेवटी विचारलं, मग काय केलं म्हणजे पाणी प्याल?
‘आसं कायतरी आण, जे बगून माजा जीव थाऱ्यावर ऱ्हाईल.’
ठीक. म्हणजे मला नुसतं वाचवणारं सामान चालणार नाही, आईंना पटणारं हवं.

शुक्र. ८ सप्टें.
बँकेतून सुटल्यावर नवी पेठ. दुकानदार: ‘मुलाचं वय काय, मॅडम?’
‘मुलगा नाही. मी.’
वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दंडाला बांधायचे फुगे काढले. त्यावर बदकं. म्हटलं, तलावात पोहायला हवंय. मग ट्यूब काढली, तिच्यावरही बदक. पुढच्या दुकानात नुसत्या टोप्या, काळ्या आणि गडद निळ्या. काळी टोपी घालून तलावात उतरले तर पाणकोंबडीत आणि माझ्यात फरक काय? म्हटलं, लांबून दिसेल अशी द्या, भडक. तर म्हणाला, ‘तुमच्या वयाला भडक चांगलं नाही दिसणार.’
दिसायलाच पाहिजे म्हणून मागतेय ना, बाबा!
पाय आपटत रिक्षात बसले. रिक्षात बसून पाय आपटण्यात काही मजा नाही.

रवि. १० सप्टें.
पोहून झाल्यावर ग्रुपची बैठक, काठावर, चिवडा खात. विषय ‘सुरक्षा’. मीच मांडला होता. गायकवाड सर (रिटायर झालेले पीटीचे मास्तर, ग्रुपचे सर्वेसर्वा) म्हणाले, उत्तम विषय, घेऊ. आणि आधी टी-शर्टाचा रंग घेतला. मग टी-शर्टावर पाठीमागे नाव की आडनाव. मग फ्लेक्स, त्यावर कुणाकुणाचे फोटो. तोवर चिवडा संपला आणि ऊन चढलं. सुरक्षा राहिली.
निघताना पुन्हा आठवण केली. सर: ‘अहो वैशालीताई, ज्याला पोहता येतं त्याला फुगा कशाला? आम्ही विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलो. सुटला भोपळा, झालं!’
सर, तुम्ही घरी जाता तेव्हा पायरीवर कुणी तहानलेलं बसलेलं नसतं.
रेहाना (माझी जोडीदारीण, नर्स आहे, माझ्यापेक्षा दसपट चांगली पोहते) गाडीला किक मारत म्हणाली, ‘इन लोगां के भरोसे नक्को बैठ. अपना अपन देखेंगे.’
आज घरी पोचायला उशीर. आईंनी पाणी पिताना तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. 

रवि. १७ सप्टें.
रेहानाच्या भावाकडून नावेतलं लाइफ जॅकेट उसनं आणलं. काल आईंना दाखवलं. स्वारी खूश! जाड, बेल्ट, क्लिपा, वर शिट्टी. ओढून बघितलं, ठोकून बघितलं. ‘ह्ये हाय बग कायतरी. भारदस्त.’
हाच तर घोटाळा. ते भारदस्तच आहे. आज घालून उतरले तर जॅकेट वर सरकून कानाला भिडलं, हात फिरेनात, हनुवटी आभाळाकडे. पोहणं नाहीच, नुसतं तरंगणं, उलट्या पडलेल्या कासवासारखं. बगला सोलून निघाल्या. सरांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्याला सगळ्यांनी अंगठे दिले.
बोटीतल्या माणसाला ते बरोबर आहे. तो पडतो आणि कुणीतरी येण्याची वाट बघतो. मला पडायचं नाहीये, जायचंय.
आईंना सांगितलं, हे जमणार नाही. ‘का? चांगलं तर हाय की,’ म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं.

गुरु. २१ सप्टें.
गणपतीची गडबड. तरी फोनवर शोधत बसले. हवं ते सापडलं: कमरेला पट्टा, त्याला दोरी, दोरीला हवेचा फुगा. आपण पोहायचं, तो मागून तरंगत येतो. दमलं की ओढून घ्यायचा आणि त्याला धरून श्वास घ्यायचा. लांबून नावेला दिसतो. बस्स, हेच.
आता रंग. सगळीकडे केशरी. रेहाना म्हणाली, केशरी अजिबात नक्को. आपल्या तलावात मासे पकडणारे जाळ्याला खूण म्हणून तेलाचे रिकामे कॅन बांधतात, केशरी नाहीतर पांढरे. गेल्या वर्षी तिने केशरी फुगा आणला होता. एक काका काहिलीतून (गुळाच्या कढईसारखी गोल नाव) थेट तिच्याकडे आले आणि फुगा धरून ओढायला लागले, आपलं जाळं सरकलं म्हणून. जाळ्याच्या जागी रेहाना! दोघंही किंचाळले म्हणे. तेव्हापासून तिचा हिरवा.
हसून हसून पोट दुखलं. मग हसू गेलं. दिसण्यासाठी घ्यायचा, आणि दिसल्यावर लोकांना भलतंच वाटणार.
गुलाबी मागवला. दोन कप्प्यांचा हवा होता, एक फुटला तरी दुसरा राहतो. तो संपलाय. ‘लवकरच उपलब्ध.’ एका कप्प्याचा घेतला. निदान घरात पाणी तरी सुरू होईल.

बुध. २७ सप्टें.
आला. प्र.ने फुगवून दिला (गाल असे फुगले होते की त्यालाच कमरेला बांधावं). आईंच्या पुढ्यात ठेवला.
दाबला. उचलला. वास घेतला.
‘ह्यात काय हाय?’
‘हवा.’
‘वारं? वाऱ्याच्या जिवावर तू पाण्यात जाणार?’
मी समजावलं. पट्टा, दोरी सगळं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजी तू त्याला वडणार. बुडायला लागल्यावर त्यो तुला वडंल का?’
 आणि तेवढ्यात नवरोबांनी फुग्यावरची बारीक छापील ओळ मोठ्याने वाचली, मराठीत करून, आईला नीट कळावी म्हणून: ‘हे जीव वाचवण्याचे साधन नाही.’
आग लागो त्या वाचनाला. इतर वेळी विजेचं बिलसुद्धा वाचत नाही हा माणूस.
‘त्येनीच लिवलंय की,’ आई म्हणाल्या. आणि उठून गेल्या.
मी प्र.शी बोलत नाहीये.

रवि. १ ऑक्टोबर
गुलाबी फुग्यासह पहिलं पोहणं. सुरेख. मागे आहे हेही विसरायला होतं. एका काकांनी नाव वळवून वाट दिली. मधोमध फुग्यावर हात टाकून पाच मिनिटं नुसतं आभाळ बघितलं. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.
घरी आई पायरीवर नव्हत्या. आत कॉटवर, डोळे मिटून. चक्कर आली होती. तांब्या भरलेला. प्र. शेजारी बसलेला, माझ्याकडे बघितलं नाही.
मी चमच्याने पाणी पाजलं. ओल्या केसांतलं पाणी त्यांच्या हातावर पडत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.
चिडले. खरंच चिडले. हे प्रेम आहे की अटक?

रवि. ८ ऑक्टो.
गेले नाही. आईंनी सकाळी उठल्याबरोबर चहा घेतला, बशीतून, भुरके मारत. गोळी वेळेवर. पोहे झाले. प्र.ने गाणी लावली. घरात सगळे खूश, मी सोडून.
कपाटातून फुगा दिसत होता, घडी घातलेला. दार लावलं.

शनि. १४ ऑक्टो.
रेहानाचा फोन. ‘उद्या भी नक्को क्या?’ म्हटलं, घट बसतायत, कामं आहेत. ती म्हणाली, ‘झूठ.’ मग म्हणाली, सासूला एकदा तलावावर आण की. आईंना विचारलं. ‘न्हाय. मी पाणी बगणार न्हाय,’ आणि वातीचा कापूस हातात घेतला. संपलं.

सोम. २३ ऑक्टो. खंडेनवमी.
काय लिहू.
सकाळी घर पुसून मी अंघोळीला गेले. बाहेर आले तर आईंनी देवापुढे पाटावर सगळी अवजारं मांडलेली. विळी, कात्री, अडकित्ता, प्र.चा पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर, माझा बँकेतला कॅलक्युलेटर. दरवर्षीचंच. आणि मधोमध फुगा. गुलाबी, टम्म फुगवलेला. प्र.कडून फुगवून घेतला होता, मला न सांगता. त्यावर हळदकुंकवाची बोटं, गळ्यात म्हणावं तर गळा नाही, पण झेंडूची माळ नीट बसवलेली. पट्टा आणि दोरीही घडी करून समोर.
मी बघतच राहिले. आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘ज्येच्यावर आपला जीव हाय, त्येची पूजा नगं व्हय करायला?’
अगरबत्ती पेटवली आणि सगळ्या अवजारांवरून एकदा ओवाळली. फुग्याला मात्र पाच वेळा, अगदी जवळून.
मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुरणाच्या कढईवर. प्र. आला, म्हणाला, ‘सॉरी, ते वाचायला नको होतं मी.’ मग दोघंही हसलो.
रविवारी जाणार.

रवि. २९ ऑक्टो.
आईंनी मी निघण्याआधी माझ्यासमोर चहा घेतला. पाणी प्यायल्या. गोळी घेतली. ‘जा. त्यो हाय की संगं.’
गाडीवरून जाताना गात होते. बेसूर.
तलावात पाणी थंड, कोवळं ऊन. पल्ल्याच्या मध्यावर डाव्या पोटरीत गोळा आला, असा की डोळ्यांपुढे अंधारी. ठीक आहे, म्हटलं, यासाठीच तर आहे. दोरी ओढली. फुगा हातात आला तो शिळ्या पुरीसारखा, चपटा, लुळा. दाबला तर पाण्याखाली गेला.
नाकातोंडात पाणी. ओरडले का ते आठवत नाही. रेहाना पुढे होती, वळली. ‘मेरा फुगा पकड! हात नक्को छोडू! सांस ले, सांस!’ तिच्या हिरव्याला लोंबकळून पोटरी चोळली. मग काठापर्यंत तिने ओढत नेलं नाही, मीच आले, एका पायाने, हळूहळू. ती शेजारी, शिव्या देत.
काठावर उलटी झाली. सर धावत आले: ‘काय झालं? काय झालं?’ काही नाही, सर. टी-शर्ट छान आहे.
घरी आई दारात, शेजारच्या काकूंना सांगत होत्या, ‘आमच्या सुनंला कायबी भ्या न्हाय आता. फुगा हाय तिच्याजवळ.’ ओठ ओले, चेहरा टवटवीत. किती दिवसांनी.
मी म्हटलं, हो ना.

सोम. ३० ऑक्टो.
बँकेतून आल्यावर बाथरूमचं दार लावून फुगा बादलीत बुडवला. कंपनीला शिव्या घालण्याची सगळी तयारी करून. बुडबुडे निघाले, एकाच जागेतून, बारीक रांगेत. टॉवेलने पुसून बघितलं. सुईएवढं गोल भोक, कड तपकिरी, वितळलेली. बाजूला कुंकवाचा डाग.
अगरबत्ती.
बाथरूममध्ये स्टुलावर बसून राहिले. कुणावर चिडू? ज्यांनी इतक्या मायेने ओवाळली त्यांच्यावर? काठावर फुगवताना टणक होता, भोक इतकं बारीक की अर्ध्या वाटेपर्यंत कळलंच नाही. दाबून, कानाशी धरून बघायला हवा होता, तेही केलं नाही. पूजा झाली म्हटल्यावर मीसुद्धा निर्धास्त.

बुध. १ नोव्हेंबर
प्र.ला सांगितलं. आधी पांढरा पडला. माझा हात धरून बसला बराच वेळ. मग: ‘आईला सांगू नकोस. ती पुन्हा पाणी सोडेल. आणि या खेपेस... आपल्या हातून झालं म्हणून ती... नको.’
‘आणि मी?’
‘ठिगळ लाव ना.’
सायकलच्या दुकानात गेले. पंक्चरवाला उलटसुलट करून म्हणाला, ‘लावतो, पण पाण्यात जाणार असंल तर आपली ग्यारंटी न्हाय.’ घरात खोटं, वर ठिगळ, आणि ग्यारंटी कुणाचीच नाही. परत आणला, ठिगळाशिवाय. दोन कप्प्यांचा मागवलाय, आता उपलब्ध आहे म्हणे. रविवारच्या आत येत नाही.
प्र.चं चुकतंय असंही म्हणवत नाही. पण आईंना कळलं नाही, तर नव्यालाही तेच होईल. माया तीच, अगरबत्ती तीच.

शनि. ४ नोव्हें.
दुपारी अर्धा दिवस करून घरी. आई देवापुढे. ‘वैशाली, तुजा फुगा आण बाई. उद्या जायाचं न्हवं? आता दर शनवारी ओवाळत जाईन म्हनते.’ हातात काडेपेटी, उदबत्ती काढलेली.
प्र. दारातून मला डोळ्यांनी नको नको करत होता.
मी फुगा आणला. फुगवला. त्यांचं बोट धरून त्या भोकावर ठेवलं. हवा लागली बोटाला. त्यांनी बोट काढलं, परत ठेवलं. कुंकवाचा डाग बघितला. हातातली उदबत्ती बघितली. मला एक शब्द बोलावा लागला नाही, पण मी बोलले. सगळं. पोटरी, रेहाना, उलटी. म्हटलं, आई, तुमचं काही चुकलं नाही. चुकलं असं नाहीच हे. पण मी आता लपवणार नाही.
मला वाटलं रडतील. नाही रडल्या. काडेपेटी खाली ठेवली. फुग्यातली हवा हळूहळू जात होती, ती जाईपर्यंत बघत बसल्या. मग अगदी हळू:
‘म्हंजी मागल्या रविवारी, मी हितं निवांत पाणी पेले तवा, त्येच्यात कायच न्हवतं?’
‘मध्यापर्यंत होतं. नंतर नव्हतं.’
‘आन तू आलीस.’
‘आले. रेहाना होती.’
त्यांनी रिकामा फुगा घडी करून मांडीवर ठेवला.
‘मग मी भरवसा कुणावर ठिवला हुता गं?’
प्र. दारातून आत येऊन त्यांच्याजवळ बसला.  
त्या उठल्या, भाकरीचं पीठ काढलं. जेवताना त्यांनी एकच विचारलं, ती रेहाना काय खाते, सकाळी डबा दिला तर चालेल का. म्हटलं, चालेल.
रेहानाशी बोलले. उद्या तिच्या फुग्याच्या आसपासच, काठाकाठाने, तेही पोटरी बरी असली तर. पिशवी भरून ठेवलीय. आई सकाळी पाणी पिणार की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.